एक घर, दोन मीटर

वीज महागली म्हणून मी सासूसासऱ्यांना घरातून बाहेर काढलं, ही बातमी साफ खोटी आहे. मी त्यांना फक्त मागच्या दोन खोल्यांत काढलं होतं. तेही दोघांना नीट विचारून, चहा देऊन! पण कराडात एखादी गोष्ट गल्लीच्या या टोकाला जन्मली, की त्या टोकाला पोचेपर्यंत तिचं लग्न होऊन तिला मुलंबाळं झालेली असतात. आमची गोष्ट तर गल्लीत थांबलीच नाही. ती थेट आटपाडीला गेली आणि तिथून जीप करून परत आली.

झालं असं, की विजेचे दर वाढले.

आमच्या घरी वीजबिल उघडायचा मान सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा. आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरातून त्यांना अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी पाकीट फाडलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, आतून म्हणाल्या, "आवं, आदी बसा तरी."

"सुभेदार बसून बिल वाचत न्हाई!" आबा म्हणाले. त्यांनी बिल वाचलं. मग बसले.

मी हायस्कूलला गणित शिकवते. त्यामुळं बिल माझ्याकडं आलं. (घरात आकडा दिसला की तो माझ्याकडं ढकलायचा, अशी रीत आहे. पगाराचा आकडा सोडून.) मी सगळ्यांना समोर बसवलं आणि समजावलं, की विजेचा दर सरसकट नसतो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्याच्यापुढच्या युनिटांना चढा दर, आणि तीनशेच्या वर गेलात की त्याहून चढा.

"महाबळेश्वरच्या घाटासारखं आहे," मी म्हटलं. "पायथ्याला गाडी गुमान चालते. जसजसं वर जाल, तसतसं पेट्रोल पिते."

"म्हंजे दुश्मन वरच्या टेकडीवर बसलाय," आबा म्हणाले.

"तसंच समजा."

"मग आपुन टेकडी चढायचीच न्हाई! आजपास्नं मोर्चाबंदी!"

माझे यजमान दिलीप साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. उसाच्या रसात साखर किती, ते थेंबावरून सांगतात. घरात मात्र त्यांचं एकच वाक्य असतं. ते त्यांनी लगेच म्हटलं, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवसापासून आबांची गस्त सुरू झाली. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणं आम्ही समजू शकत होतो. पण आबा भरलेल्या खोलीतलाही बंद करायला लागले. दिलीप रात्रपाळी करून दिवसा झोपले की दार ढकलून पंखा बंद! म्हणे झोपलेल्या माणसाला उकडतंय हे कळतंय कशाला. एकदा मी न्हाणीघरात असताना दिवा गेला.

"आबा! मी आत आहे!" मी ओरडले.

"आत काय चाललंय?"

"आंघोळ!"

"मग दिवा कशाला? पानी दिसलं न्हाई तरी अंगावरच पडतंय की!"

एवढं करून पुढचं बिल आलं ते आधीपेक्षा जास्त! उन्हाळा वाढला होता, ते कारण. पण आबांना वाटलं, आपल्यात कुणीतरी फितूर आहे. ते दोन दिवस फ्रिजकडं संशयानं बघत होते. छतावर सौरपट्ट्या बसवाव्यात, असं दिलीपनी एकदा चाचरत सुचवलं. (त्यांनी सुचवलं, याचंच मला नवल वाटलं.) तर आत्ती म्हणाल्या, "आन माझ्या कुरडया कुठं वाळवू? तुज्या डोस्क्यावर?" विषय संपला.

मी मात्र इरेला पेटले. जिनं वर्षानुवर्षं दहावीच्या पोरांकडून शेकडेवारी करून घेतली, तिला एक बिल हरवणार? मी गल्लीतल्या बायकांना आपापली बिलं घेऊन चहाला बोलावलं. तुलना करायची, कुणाचं कमी येतं बघायचं, आणि का येतं ते शोधायचं. सभा जोरात झाली. वीज बाजूला राहिली, पण कुणाकडं एसी आहे नि तो पाहुणे आले की चादरीखाली झाकला जातो, हे सगळ्यांना कळलं. कुणाचं पोर ‘रात्रभर अभ्यास' करतं म्हणून सांगतात, पण त्या मापानं युनिटं पडलेली दिसत नाहीत, हेही कळलं. समोरच्या शकीलाभाभींचं बिल सगळ्यांत कमी निघालं.

"भाभी, कसं हो जमवता?"

"जमवायचं काय त्यात," भाभी म्हणाल्या. "आमचे साहेब आठवडाभर बाजार करत हिंडतात. घरात मी एकटी. त्यांना घरी आणा, मग बघा बिल!"

भाभींचे यजमान भांड्यांचे व्यापारी. आज कराड, उद्या विटा, परवा आटपाडी, असा त्यांचा आठवडा. पण बिलासाठी मी दिलीपना बाजार करायला पाठवू शकत नव्हते.

मग सांगलीहून नणंदेचा फोन आला. मी कुंदावन्सांना दर महिन्याला बिल विचारत होते. त्यांचं घर आमच्यापेक्षा मोठं, माणसं आमच्यापेक्षा जास्त, आणि तरी त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या निम्मा!

"वन्सं, हे कसं काय?"

"सोपं हाय वैनी. आमच्यात दोन मीटर हायेत. खाली एक, वर एक. युनिटं वाटली जात्यात. टेकडी चढायचीच न्हाई!" (आबांचा टेकडीचा सिद्धांत तोवर फोनवरून सांगलीला पोचला होता.)

मी फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिले. इतकं सोपं! एका मीटरवर युनिटं जास्त पडली तर चढा दर. तीच दोन मीटरवर वाटली, तर दोन्हीकडं कमी दर! मला एवढा आनंद झाला, की वन्सांना पुढचा साधा प्रश्न विचारायचं मी विसरले. कुठला ते पुढं कळेल. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरानंही तो विचारला असता.

मी चौकशी केली. एकाच घरात दुसरं मीटर मिळतं, पण तिथं राहणारं कुटुंब खरोखर वेगळं पाहिजे. येण्याजाण्याचं दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. साहेब येऊन बघून जातात.

"म्हणजे आपण वेगळं व्हायचं," मी संध्याकाळी जाहीर केलं. "फक्त नावाला. मागच्या दोन खोल्या आबा-आत्तींच्या, पुढचं घर आमचं. मागं एक शेगडी ठेवायची, की झालं."

"बरोबर आहे," दिलीप म्हणाले.

"गनिमी कावा!" आबा खूश झाले.

आत्ती मात्र शेंगा फोडत होत्या. फोडता फोडता थांबल्या.

"माजी चूल येगळी?"

"नावाला हो आत्ती. शेगडी असेल, पण पेटवायची नाही."

"पेटल्याबिगार चूल कसली गं?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

रविवारी आम्ही घर ‘फोडलं'. मागच्या दाराला कपाट लावलेलं होतं. ते हलवलं तर मागं माझ्या लग्नातला हरवलेला पाट निघाला. जुनी शेगडी काढून जोडीच्या सिलिंडरसकट मागच्या खोलीतल्या ओट्यावर मांडली. आबांनी मधल्या दारात खडूनं रेघ ओढली आणि म्हणाले, "हितनं पलीकडं तुमचा मुलूख. परवानगीबिगर यायचं न्हाई." खेळ म्हणून ओढली होती. पण दुसऱ्या दिवशी मी मिक्सर आणायला मागं गेले, तर आबा खरोखर म्हणाले, "थांबा! कोन हाय?"

त्याच रविवारी आत्ती मागच्या पायरीवर, आपल्या पत्र्याच्या ट्रंकेला टेकून, कांदे चिरत बसल्या होत्या. मागच्या बोळातून शकीलाभाभी चालल्या होत्या. त्यांना कांदे दिसले नाहीत. त्यांना दिसली ट्रंक, आत्तींच्या डोळ्यांतून गळणारं पाणी, आणि शेगडी घेऊन मागं निघालेले दिलीप.

"आत्ती! काय झालं?"

"काय न्हाई गं," आत्ती पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "येगळं झालो आमी."

झालं! भाभींच्या काळजात कळ आली. दुपारी त्या मागच्या दारानं डबा घेऊन हजर. आत बिर्याणी! आत्तींनी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, की बाई, हे मीटरसाठी चाललंय. पण डबा उघडला, वास आला, आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी खिमा आला. मग शिरखुर्मा. मी शाळेतून येई तेव्हा आत्ती-आबा तृप्त चेहऱ्यानं पान लावत बसलेले असत, आणि माझ्या आमटीला म्हणत, "आज भूक न्हाई बग."

इकडं साहेब येणार म्हणून आम्ही तालीम सुरू केली. साहेबांचं काम आबांनी घेतलं.

"सासूबाई, तुम्ही येगळ्या का राहता?" आबांनी दरडावून विचारलं.

"काय सांगू?" आत्तींनी मला विचारलं.

"सांगा, सुनेशी पटत नाही म्हणून. थोडं पटेल असं सांगा."

"पटंल आसं?" आत्ती सावरून बसल्या. "तर साहेब, सून तशी गुनाची हाय. पन आमटी करती ती खाऊन बगा. मीठ इचारून टाकावं लागतंय. भाकरी थापती ती एका बाजूनं जाड आन एका बाजूनं नकाशा. शाळंतनं आली की घरात बी शाळाच. माजं पीठ चाळताना म्हनती, आत्ती, प्रमान चुकलं! आता मला सांगा, म्या जलमभर पीठ चाळलं, माजं प्रमान चुकंल?"

दिलीप ‘बरोबर आहे' म्हणायला तोंड उघडणार होते. मी बघितलं तसं मिटलं.

"छान, आत्ती," मी कसंबसं म्हटलं. "खरंच वाटलं. एवढं पुरे."

"आजून हाय की!"

साहेब यायचा दिवस उजाडला. मी शाळेत रजा टाकली. दिलीपही घरी राहिले. भर दुपारी वीज कंपनीचे साहेब आले. कोवळा पोरगा, सभ्य, घामानं निथळत होता. आबांनी त्याला मागच्या दारानं आत घेतलं. "हे आमचं स्वतंत्र दार! हे स्वतंत्र सैपाकघर!" साहेब शेगडीचा फोटो काढायला मोबाईल वर करतो आहे, तोच पुढच्या दाराशी जीप थांबली.

मी पुढं धावले. जीपमधून आत्तींचे थोरले भाऊ उतरत होते, आटपाडीचे नामदेवमामा. तांबडा फेटा, हातात काठी. मागून मामी, आणि भावकीतले दोन म्हातारे. सगळ्यांत शेवटी डाळिंबांची एक पेटी उतरली. (समेट झाला तर द्यायला. नाही झाला तर परत न्यायला. हे मला मामींनी नंतर सांगितलं.) शकीलाभाभींच्या यजमानांनी आटपाडीच्या बाजारात त्यांना हळहळत बातमी दिली होती, की तुमच्या बहिणीला सुनेनं ट्रंकेसकट बाहेर बसवलंय आणि माझी बायको तिला जेवण पुरवते आहे.

"कुठं हाय माजी भन?" मामा गरजले.

"मामा, हळू बोला," मी हात जोडले. "आत साहेब आलेत."

"साहेब? म्हंजे पोलिसापातूर गेलं व्हय?"

"नाही हो, मीटरचे—"

"मिटायचं आसंल तर आमी मिटवू! साहेब कशाला?" आणि मामा माझ्या अंगावरून, मधल्या दारातून, आबांच्या रेघेवरून सरळ मागच्या खोलीत!

साहेब दचकला. मामांनी त्याच्यापुढं हात जोडले. "साहेब, घरातली गोष्ट हाय. काय लिवू नगा. मिटवतो आमी."

"मी मीटरसाठीच आलोय," साहेब म्हणाला.

"आमी बी मिटायसाठीच आलोय!"

"मीटर बसवायचं आहे ना?"

"बसवूनच मिटवायचं! सगळ्यांना बसवा. ए, बसा रं खाली!"

भावकीतले दोघे म्हातारे लगेच खाली बसले. मामी भिंतीला टेकल्या. साहेब माझ्याकडं बघायला लागला. मी काय बोलणार? मामांना सांगावं, की आम्ही एकत्रच आहोत, तर साहेब ऐकतोय. साहेबाला सांगावं, की आम्ही वेगळे आहोत, तर मामांच्या हातात काठी आहे. मी दिलीपकडं बघितलं. दिलीप आढ्याकडं बघत होते.

"एका घरात दोन चुली?" मामांनी शेगडी बघितली. "मी जित्ता आसताना?" असं म्हणून त्यांनी शेगडी नळीसकट उचलली आणि पुढच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आबा तिच्या मागं धावले. "ती माजी पोस्ट हाय, मेव्हणं!" आबांनी शेगडी परत आणून मागं ठेवली. साहेबानं मोबाईल वर केला, तोवर मामांनी पुन्हा उचलली. साहेबाच्या पहिल्या फोटोत रिकामा ओटा आला. दुसऱ्यात नुसता फेटा. तिसऱ्यात आबा आणि मामा शेगडीची एकेक बाजू धरून ओढताहेत, असं काहीतरी आलं.

"आजी," साहेबानं शेवटी आत्तींनाच विचारलं, "इथं रोज स्वयंपाक होतो का?"

नेमक्या त्याच वेळी मागच्या दारातून आवाज आला, "आत्ती, जेवला का? का आजबी उपाशी?" शकीलाभाभी डबा घेऊन उभ्या.

साहेबानं डब्याकडं बघितलं. मग शेगडीकडं. मग माझ्याकडं. "म्हणजे इथं स्वयंपाक होत नाही," तो म्हणाला आणि मोबाईल खिशात घालायला लागला.

"आन भनीला उपाशी बी ठेवलं!" मामांनी काठी आपटली.

मीटर गेलं! इज्जतही गेली! दोन्ही जायला एरवी माणसाला दोन वेगळे दिवस लागतात. मी आता सगळं खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आत्ती उठल्या.

"नामा," त्या म्हणाल्या. "ठेव ती शेगडी खाली."

आत्तींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मामांनी शेगडी ठेवली. आबांनीही आपली बाजू सोडली.

"मला कुनी काढलं न्हाई," आत्ती बोलायला लागल्या. "सून माजी वंगाळ न्हाई. बिलासाठी तिनं ह्यो खेळ मांडला, म्हनली चूल नुसती नावाला मांडू. पन मी ती पेटवली." त्या साहेबाकडं वळल्या. "ल्येका, लगीन हून आली तवा सासूच्या चुलीवर रांदलं. सासू गेली तवर ही सून आली. मग तिच्या वट्यावर. मदी माजी चूल कवा आली आन कवा गेली, मला गावलीच न्हाई. आता ही गावली हाय. मीटर द्या नायतर नगा देऊ. कंदील लावीन. पन ही चूल मी सोडनार न्हाई!"

आणि त्यांनी ओट्याखालून एक पातेलं ओढून झाकण काढलं. आत हुलग्याचं माडगं होतं. अजून कोमट. कुळथाच्या पिठाची ही पातळ पेज म्हणजे आटपाडीकडचं त्यांच्या माहेरचं खाणं. आमच्या घरी ते कुणाला आवडत नाही, म्हणून गेली कित्येक वर्षं केलंच गेलं नव्हतं. मी शाळेत गेले, की आत्ती रोज दुपारी ते करत होत्या. आज मी पुढं आवराआवरीत असतानाही केलं होतं. भाभींचे डबे वर आणि माडगं खाली, असा त्यांचा संसार मस्त चालला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी आबांना विचारलं.

आबांनी मिशीला हात लावला. "रसद कुठनं येती, ते जवान इचारत न्हाई."

आत्तींनी वाट्या मांडल्या. पहिली मामांना. मामांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि काठी भिंतीला टेकवली. "आयच्या हातचं हाय गं," ते म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढं केली. मामींनी मुकाट्यानं डाळिंबांच्या पेटीची दोरी सोडली. साहेबानंही वाटी घेतली. नको नको म्हणत दुसरीही घेतली. मग आत्तींनी शेगडी पुन्हा जोडून पेटवली आणि त्यानं तिचा एक स्वच्छ फोटो काढला.

"अहो, हे तर खरंच वेगळं कुटुंब आहे," तो मला म्हणाला. "बाकीचे लोक नुसतं नाटक करतात."

मला काय वाटलं, ते सांगू? मीटर मिळालं म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला सारखं ते ‘सून आली, मग तिच्या वट्यावर' ऐकू येत होतं. इतकी वर्षं मी आत्तींना ‘तुम्ही बसा, मी करते' म्हणत आले, आणि तो माझा चांगुलपणा आहे असं समजत होते. त्या दुपारी मी वाट्या धुवायला घेतल्या. तर आत्तींनी त्या हातातून काढून घेतल्या. "माज्या घरातली भांडी हायेत," त्या म्हणाल्या. "पावन्यानं धुवायची नसत्यात." आणि हसल्या.

संध्याकाळी मी सांगलीला फोन लावला. विजयाची बातमी कुणाला तरी द्यायची होतीच.

"झ्याक झालं वैनी!" कुंदावन्सं म्हणाल्या. "आता येक ध्यानात ठेवा. दोन बिलं येत्यात. दोनी भरायची."

"म्हणजे?"

"म्हंजे मी तुमाला सांगायची ते खालच्या मजल्याचं."

"आणि वरच्या मजल्याचं?"

"ते ह्यांच्या नावावर येतंय. हेच भरत्यात. मी कशाला इचारू?"

हाच तो प्रश्न! दोन बिलांतल्या एकाची तुलना मी आमच्या सबंध बिलाशी केली होती. मी, गणिताची शिक्षिका! मी फोन ठेवला. दिलीपनी विचारलं, "काय म्हणाली कुंदा?" मी म्हटलं, "सगळे मजेत आहेत."

पुढं मीटर बसलं आणि बिलं आली. दोन. ती मी एकटीनं, दार लावून बघितली. युनिटांचे दर खाली आले होते, माझा हिशेब तंतोतंत होता. फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती. वेगळं कुटुंब म्हटलं, की त्याला वेगळा फ्रिज लागतो. आत्तींनी तो घेतला. मिक्सर घेतला. आबांना बातम्या बघायला टीव्ही आला. शिवाय मीटर दोन, म्हणून स्थिर आकारही दोनदा. दोन्ही मिळून जुन्या बिलापेक्षा जास्तच भरली.

"चुकलं का काय गं?" आत्तींनी विचारलं.

"दर बरोबर आहेत," मी म्हटलं. मान खाली घालायला मी तयार नव्हते. "विजेनं हार खाल्ली आहे. फ्रिजनं घोटाळा केला."

"मग परत येक करायचं म्हनतीस?"

"मुळीच नाही!"

"आसंच पायजे," आत्ती म्हणाल्या. आबांनी आपलं बिल पेन्शनीतून, छाती काढून भरलं. म्हणाले, मुलूख राखायचा तर खर्च आला.

आता या गोष्टीला बरेच महिने झाले. गेल्या महिन्याची गंमत सांगते. माझ्या मीटरवरची युनिटं चक्क शंभराच्या आत आली! गल्लीत असं कुणाचंच आलं नव्हतं. मी बिल घेऊन दारात उभी राहिले. बायका जमल्या. शकीलाभाभींनी विचारलं, "बाई, एवढं कमी कसं केलं?"

"नियोजन!" मी म्हटलं. दरवाढीला रडत बसायचं नाही, असं मी सुरू केलं. आकड्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. शिस्त पाहिजे, अभ्यास पाहिजे, हिंमत पाहिजे! बायका माना डोलवत होत्या. मला शाळेत एवढं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही. मी आवाज अजून चढवला.

तेवढ्यात मागून आत्तींची हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"सुनबाई! भाशान झालं आसंल तर जेवाय ये! दिलीप कवाच येऊन बसलाय. आन येताना तुमच्यातला दिवा बंद कर. सकाळी चहाला येतीस, राती टीव्ही बगून जातीस. तिकडं आसतंय तरी कोन!"

बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी बिलाची घडी घातली, दिवा बंद केला आणि सगळ्यांच्या देखत मागच्या दाराकडं निघाले. मान मात्र ताठ ठेवली होती. भुकेल्या माणसाला जेवढी ठेवता येते, तेवढी.